सातवा रकाना, पायाचा प्रकार

आमच्या टाउनशिपच्या बांधकाम परवान्याच्या अर्जात सातवा रकाना आहे, ‘पायाचा प्रकार’. मी इथली कारकून. त्या रकान्याशी आलं की लोकांचं पेन थांबतं आणि ते एकच वाक्य म्हणतात, हे मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं: “ओन्नीला विचारून सांगतो.” तो ओन्नी कोइवुला स्वतःच्या नव्या गॅरेजचा अर्ज घेऊन माझ्यासमोर बसला, तेव्हा त्याचाच सातवा रकाना कोरा होता.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. लांबी अठ्ठावीस फूट, रुंदी चोवीस, घरापासून अंतर अकरा फूट. अक्षर मोजून मापून काढलेलं.

“ओन्नी, हे राहिलं,” मी म्हटलं. “तरंगता स्लॅब ना? लिहू?”

“थांब.”

“तू थांब म्हणतोस? आता उद्या पाद्रीबुवा येतील विचारायला, मार्लिस, रविवार कुठल्या दिवशी असतो गं?”

तो हसला नाही. अर्ज उचलला, त्याची चौघडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, कॉफीचा कप धुऊन पालथा घातला आणि निघून गेला. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला सप्टेंबरात ‘थांब’ म्हणून चालत नाही. ऑक्टोबर सरता सरता जमीन आवळायला लागते, आणि मग मे उजाडेपर्यंत कुदळ आत शिरत नाही.

आमचे आजीआजोबा फिनलंडहून आले, ते थंडीसाठी तीन वेगळे शब्द गाठोड्यात बांधून घेऊन आले. हवेतली थंडी ती पक्कानेन. उन्हाळ्यात अवचित पडून बटाट्याचा फुलोरा काळा करतो तो हल्ला. आणि जमिनीच्या पोटात उतरतो तो रोउता. पहिले दोन शब्द आम्ही केव्हाच विसरलो. रोउता तेवढा घराघरात टिकून आहे, कारण तो दरवर्षी कोणाचं ना कोणाचं काहीतरी मोडतो. ओल्या चिकणमातीत शिरतो, ती फुगते, आणि वर जे काही उभं असेल ते तीन-चार बोटं उचलते. वसंतात सगळं खाली येतं, पण येताना सरळ येईलच असं नाही.

“रोउत्याशी भांडायचं नाही,” ओन्नी सांगायचा. “एक तर त्याच्याबरोबर उठायचं, नाहीतर त्याच्या खाली जाऊन बसायचं.”

त्याच्याबरोबर उठायचं म्हणजे तरंगता स्लॅब. खडी पसरून, सळया टाकून, कडा जाड ठेवून एकसंध काँक्रीट ओतायचं. हिवाळ्यात आख्खं गॅरेज धक्क्याला लावलेल्या होडीसारखं वर जातं, वसंतात खाली येतं, कोणाची तक्रार नाही. खाली जाऊन बसायचं म्हणजे पाच फूट चर खणायचा, तळाशी फुटिंग, म्हणजे काँक्रीटची रुंद पट्टी, ओतायचं आणि तिथून ब्लॉकची भिंत वर आणायची. आमची घरं अशी पाच फुटांवर उभी आहेत. सुटं गॅरेज असेल तर तरंगता स्लॅब पुरतो.

“फक्त दोघांची गाठ मारायची नाही,” तो पुढे म्हणायचा. “एक उठणार, एक बसून राहणार, आणि मधला मरणार.”

असे दोनशेच्या वर स्लॅब त्यानं घातले. जागा बघायला आला की आधी मूठभर माती उचलायचा, तळव्यांत घेऊन वात वळायचा. वात न तुटता लांबली तर मान हलवायचा, म्हणजे चिकणमाती. तुटली तर खांदे उडवायचा. शब्दाला भारी महाग माणूस. एल्माला मागणी घातली तीसुद्धा, तिच्याच सांगण्याप्रमाणे, “घराचा पाया झालाय” एवढं म्हणून.

“मग तू काय म्हणालीस?” मी एकदा विचारलं होतं.

“मी म्हटलं, किती खोल? तो म्हणाला, पाच फूट. मग हो म्हटलं.”

त्याच एल्माचं त्या वर्षी फेब्रुवारीत खुब्याचं हाड मोडलं. घर आणि जुनं कललेलं गॅरेज यांच्यामधल्या अकरा फुटांत बर्फावरून घसरली. ओन्नी लाकडं फोडत होता, त्याला कळायला वीस मिनिटं लागली. उन्हाळाभर ती वॉकर घेऊन चालायला शिकली. तोंडानं बडबड चालूच, पण पायांनी आता साथ सोडली होती.

ड्युलुथला नर्स असलेली त्यांची मुलगी लोरी ऑगस्टमध्ये आली आणि सरळ बापासमोर उभी राहिली. “बाबा, स्वयंपाकघरापासून गाडीपर्यंत वर छप्पर आणि दोन्ही बाजूंना भिंती हव्यात. आईच्या पायाखाली बर्फाचा कणही नको. ते जमत नसेल तर पहिला बर्फ पडायच्या आत मी तिला शहरातल्या वृद्धांच्या फ्लॅटमध्ये नेणार. पुन्हा पडली तर ती पुन्हा उठायची नाही, आणि हे मी मुलगी म्हणून नाही, नर्स म्हणून सांगतेय.”

एल्मा तो फ्लॅट बघून आली होती. “तिथं सौना आहे म्हणे,” ती मला म्हणाली. सौना म्हणजे आमची वाफेच्या अंघोळीची खोली, पूर्वी बाळंतपणंही तिथंच व्हायची. “तळघरात. दारावर कागद चिकटवलाय, त्यावर नाव लिहून वेळ घ्यायची. मार्लिस, माझा जन्म सौनात झाला. आता सत्तराव्या वर्षी मी तिथं नंबर लावू?” म्हणाली हसत, पण तिची कॉफी तशीच राहिली.

तर गोष्ट सरळ होती. मधे छप्पर आलं की गॅरेज घराला जोडलं गेलं. जोडलं की पाच फूट खाली जाणं आलं. हे ओन्नीला मी सांगायची गरज नव्हती. मग रकाना कोरा का? कारण त्र्याहत्तराव्या वर्षी पाच फुटांचा चर हातानं खणून होत नाही. शहरातल्या खोदाईवाल्यांच्या तारखा नोव्हेंबरपर्यंत भरलेल्या. आणि आमच्या टाउनशिपमध्ये बॅकहो, म्हणजे खोदाईचं यंत्र, एकच. पिवळं, जुनं, आणि रूडी पेरालाचं. रूडी म्हणजे एल्माचा धाकटा भाऊ. त्या दोघांनी, मेहुण्या-मेहुण्यांनी, पस्तीस वर्षं एकमेकांशी ब्र काढला नव्हता.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ओन्नीनं रूडीला गॅरेज बांधून दिलं. तरंगता स्लॅब, नेहमीसारखा. काम संपल्यावर रूडी म्हणाला, मधे एवढंसं छप्पर टाक की, आई पावसात भिजते. ओन्नीनं स्वतःचाच नियम मोडला. बायकोचा भाऊ पडला ना! आणि छप्पर तरी केवढं, चार तुळया आणि पत्रा. पुढच्या मार्चमध्ये गॅरेज तीन बोटं वर आलं, तुळयांनी घराच्या मागच्या दाराची चौकट वाकवली, आणि दार गच्च बसलं. पुढचं दार आमच्याकडे हिवाळ्यात कोणी उघडतच नाही, आतून प्लास्टिक ठोकलेलं आणि बाहेर कमरेएवढा बर्फ. घरात रूडीची आई हिल्मा एकटी. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर उतरली आणि मनगट मोडून घेतलं. पुढे ती मरेपर्यंत हा किस्सा सांगायची, “सत्तराव्या वर्षी खिडकीतून पळून गेले मी, आणि खाली वाट बघायला कोणी मेला नव्हता!” सगळे हसायचे, रूडी सोडून.

त्यानंतर दोघांत नेमकं काय बिनसलं, ते कोणालाच धड ठाऊक नव्हतं. रूडी दर बुधवारी बहिणीकडे कॉफीला यायचा. ट्रक नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावायचा. ओन्नी कामावरून परतताना तो ट्रक दिसला की न थांबता पुढे जायचा, तळ्याला वळसा घालून यायचा, तोवर ट्रक गेलेला असायचा. पस्तीस वर्षांचे बुधवार. मोजू नयेत असे.

रूडी टाउनशिपच्या कारभारी मंडळाच्या तिघा सभासदांपैकी एक. सप्टेंबरच्या मध्यावर तो रस्त्याच्या खडीचे कागद द्यायला कचेरीत आला. माझ्या तोंडाला कुलूप नाही, कधीच नव्हतं. “ओन्नीचा अर्ज अडलाय,” मी म्हटलं.

“मला काय त्याचं.”

“तुझ्या बहिणीचं घर आहे ते. ती फ्लॅटमध्ये गेली की तुझे बुधवारही गेले.”

रूडी खुर्चीत बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “माझं छप्पर कापून काढलं त्यानं, मार्लिस. मी खाणीवर कामाला, आई इस्पितळात. घरी येऊन बघतो तर छप्पर नाही. पत्रा दुमडून, तुळया रचून ठेवलेल्या. भुसासुद्धा झाडून नेला होता. एक शब्द नाही, चिठ्ठी नाही. जसं काही माझ्या घराला त्याचा हात लागला होता, याचीच त्याला लाज.”

मी कचेरीला कुलूप लावलं आणि तडक ओन्नीकडे गेले. तो लाकडांची थप्पी लावत होता. एल्मा स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी बसली होती. मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, “चौऱ्याहत्तर साली तू रूडीकडे जाऊन काय केलंस?”

“गेलो होतो की. दुसऱ्याच दिवशी. छप्पर उतरवलं, चौकट तासली, दार मोकळं केलं. दहा वेळा उघडझाप करून बघितलं.”

“आणि रूडीला काय म्हणालास?”

“काय म्हणायचं? दार उघडत होतं.”

“ओन्नी, ती माफी होती?”

“मग दुसरं काय होतं?”

माझा पारा चढला. “अरे माणसा, करवतीला जीभ असते का? त्याला वाटलं तू रागानं तोडून टाकलंस! तुझी माफी त्यानं अपमान म्हणून घेतली, आणि पस्तीस वर्षं सांभाळून ठेवली!”

ओन्नीच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. “माझी वाट बघत होतो मी,” तो म्हणाला. मग स्वतःच दुरुस्त केलं, “म्हणजे त्याची. त्यानं काहीतरी म्हणावं म्हणून. मी माझं करून आलो होतो.”

खिडकीतून एल्मा बोलली. “माझी आई म्हणायची, रोउता डुकराच्या पिल्लाला घरी आणतो. उन्हाळाभर उंडारतं, पण जमीन कडक झाली की येतंच गोठ्यापाशी. माझ्याकडे अशी दोन आहेत. म्हातारी झाली, टक्कल पडलं, तरी जमीन अजून थोडी कडक होऊ दे म्हणतायत.”

“तुला हे माहीत होतं?” मी तिच्यावरही उखडले.

“त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत गं.”

मला त्या क्षणी तिघांचाही राग आला. रागानं घरी गेले आणि गाडीतच रडले. माझा नवराही असाच होता. त्यानं कधी तोंडानं प्रेम सांगितलं नाही, पण माझ्या गाडीचे टायर हिवाळ्याआधी न चुकता बदललेले असायचे. मला ते कळायचं. पण कळलं नसतं तर?

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहाला टाउनशिपची बैठक होती. त्या दिवशी सकाळी ओन्नीचा अर्ज दाराच्या फटीतून आत पडलेला मिळाला. मी तो वाचला होता, तरी सगळ्यांसमोर वाचायची वेळ आली तेव्हा कागद दोनदा उलटून बघितला. समोर तीन सभासद, मधे रूडी. पाच-सात गावकरी होते, कोणी रस्त्याखालच्या मोरीचा पाइप तुंबला म्हणून आलेला, कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार घेऊन. ओन्नी शेवटच्या खुर्चीवर, मांडीवर टोपी.

मी लांबी वाचली, रुंदी वाचली. “सातवा रकाना. पायाचा प्रकार.” मी थांबले. मग वाचलं, “रूडी सांगेल तसा.”

कुत्र्याच्या तक्रारीवाला खोकत होता, तोही थांबला. ज्या माणसाला सगळी टाउनशिप पाया विचारायची, त्यानं हे लिहून दिलं होतं, सही करून, तारीख घालून.

रूडीनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला. ओन्नीकडे बघितलं नाही. अर्जाकडे बघत विचारलं, “घराला जोडायचंय?”

“हो. एल्मासाठी.”

“मागंही जोडलं होतंस.”

ओन्नी उभा राहिला. टोपी खाली पडली, ती त्यानं उचलली नाही. “मागं चुकलो. जोडू नये हे मला ठाऊक होतं, तरी जोडलं. आईचा हात माझ्यामुळे मोडला. मी येऊन छप्पर उतरवून गेलो, पण हे तुला तोंडानं बोललो नाही. बोलायला हवं होतं.”

इतकी वाक्यं त्याच्या तोंडून एका दमात मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

रूडी अर्जावर बोट फिरवत राहिला. “भुसा तरी ठेवायचास,” शेवटी म्हणाला. “भुसा कशाला झाडून नेलास?”

“दुसऱ्याच्या अंगणात घाण टाकून कसा जाणार?” ओन्नी खरोखर चकित होऊन म्हणाला.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. रूडी हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले, ते लहानपणापासून असेच होतात. त्यानं पेन उचललं. “पाच फूट. नाही, तुझ्याकडे चिकणमाती आहे. साडेपाच.”

“साडेपाच,” ओन्नी म्हणाला आणि बसला. बाकी दोघांनी हात वर केले. मी सातव्या रकान्यात आकडा भरला. मग कुत्र्याचा विषय निघाला.

सोमवारी सकाळी बॅकहो आला. त्याच्या मागोमाग रूडीचा ट्रक, आणि तो त्यानं घराकडे तोंड करून लावला. एल्मानं ते खिडकीतून पाहिलं आणि मला फोन करून सांगितलं. खणायचं काम तीन दिवस चाललं. ओन्नी दोरी धरून, पाणसळ घेऊन चराच्या कडेनं फिरत होता. दोघांचं बोलणं म्हणजे नुसते आकडे. पहिल्या दिवशी एकूण किती शब्द झाले ते एल्मा मोजत बसली होती. दुपारच्या कॉफीला तिनं वेलदोड्याचा गोड पाव पुढे केला तेव्हा रूडी म्हणाला, “तुझा नवरा फार बोलतो.”

फुटिंग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ओतलं. गोठू नये म्हणून वर गवताच्या पेंढ्या आणि जुन्या रजया टाकल्या, त्यांत रूडीच्या आईची हातानं शिवलेलीही होती. भिंती चढल्या, छप्पर जोडलं. लोरी आली, त्या बंद वाटेवरून पाय आपटत दोनदा गेली-आली, आणि तिनं बापाला कडकडून मिठी मारली. पहिला बर्फ पडला त्या सकाळी एल्मा वॉकर घेऊन स्वयंपाकघरातून निघाली, गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसली, कुठेही न जाता दहा मिनिटं बसून राहिली आणि परत आली. फ्लॅटचा विषय तिथं संपला.

मार्चमध्ये, जमीन सगळ्यांत जास्त फुगलेली असते तेव्हा, रूडी एका बुधवारी आला. सरळ घर आणि ती बंद वाट जोडणाऱ्या दारापाशी गेला आणि ते एका बोटानं ढकललं. दार उघडलं. ओढलं, मिटलं.

“उघडतंय,” तो म्हणाला.

“मग,” ओन्नी म्हणाला.

त्यानंतर दर मार्चमध्ये हे असंच चाललं. सहा वर्षं. सातव्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, ओन्नी गेला. लाकडं आत आणून ठेवली आणि खुर्चीत बसला तो उठलाच नाही. आमच्याकडे फेब्रुवारीत गेलेल्या माणसाला थांबावं लागतं. दफनभूमीच्या कडेला दगडी कोठी आहे, तिथं पेटी ठेवतात, आणि मेमध्ये जमीन सुटली की पुरतात. त्या मार्चमध्ये रूडी येऊन एकटाच दार ढकलून गेला.

मेमध्ये खड्डा त्यानंच खणला. बॅकहोनं खणून झाल्यावर फावडं घेऊन आत उतरला, तळ हातानं साफ केला आणि ओन्नीची पाणसळ ठेवून बघितली. दफनाच्या सकाळी मी एल्मापाशी स्वयंपाकघरात होते. रूडी त्याच जोडणाऱ्या दारातून आत आला. बुटांना चिकणमाती, हातात पाणसळ. ती त्यानं पुसून खुंटीला लावली.

एल्मा आरशासमोर रुमाल बांधत होती. मागे न वळता तिनं विचारलं, “किती खोल?”

“साडेपाच,” रूडी म्हणाला. “रोउत्याच्या खाली.”

“बरं,” ती म्हणाली. तिनं वॉकर पुढे केला, रूडीनं दार धरलं, आणि ती छपराखालून गाडीकडे निघाली.